चर्चिल असं म्हणालाच नव्हता!

पंधरा ऑगस्ट आला की माझ्या फोनवर चर्चिल येतो. दरवर्षी. तोंडात सिगार, कपाळाला आठ्या आणि खाली ती सुप्रसिद्ध भविष्यवाणी. हिंदुस्थानला स्वातंत्र्य दिलंत तर सत्ता लुच्च्या, लफंग्या आणि लुटारूंच्या हातात जाईल, ते आपसांत भांडतील आणि एक दिवस हवा-पाण्यावरसुद्धा कर बसेल, वगैरे वगैरे. त्याखाली पाठवणाऱ्याची स्वतःची भर, "किती खरं बोलला होता हो!" आणि मग हात जोडल्याची चित्रं.

या वर्षी हे पाठवणाऱ्यांत माझे दोन जुने विद्यार्थी होते, बँकेतून निवृत्त झालेले एक शेजारी होते आणि माझी सख्खी नणंद होती. मी चौघांनाही एकच प्रश्न लिहून पाठवला, "कधी म्हणाला? कुठे म्हणाला?" उत्तर कोणाचंच आलं नाही. उलट माझ्यावरच प्रश्नांची सरबत्ती झाली. सुटं सुटं लिहीत बसायचं माझं वय नाही, म्हणून सगळ्यांना एकदमच उत्तर देते. (चर्चिलला एकेरीत संबोधतेय, त्याबद्दल रागावू नका. वर्गातही 'नेपोलियन आला', 'हिटलर गेला' असंच शिकवत आले. जिभेला वळण तेच.)

पहिला प्रश्न : "म्हणजे बाई, तो असं म्हणालाच नाही?"

म्हणाल्याचा एकही पुरावा आजवर कोणी दाखवू शकलेलं नाही. हे काही रामायण-महाभारताच्या काळातलं प्रकरण नव्हे. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये कोण काय बोललं त्याची शब्दशः नोंद होते आणि ती आता घरबसल्या फुकट वाचता येते. चर्चिलची भाषणं खंडच्या खंड छापलेली आहेत, आणि आयुष्यभर त्याच्या शब्दांचाच अभ्यास करणाऱ्यांनाही हे वाक्य त्यात सापडलेलं नाही. आपल्याकडे ते फिरतं ते नेहमी बिनतारखेचं. ज्या हुंडीवर तारीख नाही आणि सही नाही, ती गावातला वाणीसुद्धा घेत नाही. आपण मात्र घेतो आणि पुढे चारजणांना वाटतो.

मग तो खरं काय म्हणाला? शब्दकोश शेजारी ठेवून (माझं इंग्रजी मराठी माध्यमातल्या बी. ए.चं, म्हणजे बेताचंच) मी ते भाषण वाचलं. फेब्रुवारी १९४७ मध्ये ॲटली सरकारने जून १९४८ पर्यंत हिंदुस्थान सोडण्याचं जाहीर केलं होतं. त्यावरच्या चर्चेत ६ मार्च १९४७ रोजी विरोधी पक्षनेता चर्चिल बोलला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की हिंदुस्थानातल्या तथाकथित राजकीय वर्गाच्या हाती सत्ता देणं म्हणजे गवताच्या बाहुल्यांच्या हाती ती देणं, आणि थोड्याच वर्षांत त्यांचा मागमूसही उरणार नाही.

ही खरी काडी. या एका काडीवर कुणीतरी पुढे अख्खं छप्पर शाकारलं!

आता या खऱ्या भविष्यवाणीचं काय झालं ते बघा. मागमूस उरणार नाही म्हणाला ती माणसं कोण? नेहरू, पटेल, राजेंद्रबाबू आणि त्यांचे सहकारी. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली. १९५१-५२ च्या हिवाळ्यात सतरा कोटींवर मतदारांची पहिली निवडणूक पार पडली. गंमत म्हणजे त्याच ऑक्टोबरात चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाला होता, म्हणजे त्याच्या डोळ्यांदेखत हे घडलं. त्याच्या देशात बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं १९२८ साली, शतकानुशतकं पार्लमेंट चालवून झाल्यावर. माझ्या आईला सही येत नव्हती. ती पहिल्याच निवडणुकीत चिन्ह ओळखून पेटीत मतपत्रिका टाकून आली होती आणि बोटावरची शाई आठवडाभर मिरवत होती. 'गवताच्या बाहुल्यां'चं हे काम आहे. आता म्हणा, किती खरं बोलला होता!

एक गोष्ट मात्र लपवत नाही. लाचलुचपत आणि वशिलेबाजी माजेल असं भाकीत त्याने खरंच केलं होतं, मार्च १९३१ मध्ये, लंडनच्या अल्बर्ट हॉलमधल्या भाषणात. पण ते वाक्य कोणी पाठवत नाही, आणि का पाठवत नाही तेही उघड आहे. त्याच भाषणात तो म्हणतो की इंग्रज गेले तर हा देश झपाट्याने मध्ययुगातल्या रानटीपणात जाईल. त्याच वर्षी त्याने असंही सांगितलं, की हिंदुस्थान हे नुसतं भूगोलातलं नाव आहे, विषुववृत्त जेवढं राष्ट्र आहे तेवढंच हे राष्ट्र आहे. सगळ्याचा निष्कर्ष एकच, इंग्रजांनी जाऊच नये. अख्खं भाषण वाचलं की त्याखाली हात जोडता येत नाहीत. म्हणून तर खऱ्यापेक्षा खोटं सोयीचं पडतं.

दुसरा प्रश्न (हा सगळ्यांनीच विचारला) : "नसेल म्हणाला. पण गोष्ट खरी आहे ना?"

या प्रश्नासाठीच खरं म्हणजे हा सगळा खटाटोप.

भ्रष्टाचार आहे का? आहे. दाखल्यासाठी चार हेलपाटे मी स्वतः घातले आहेत. मग ते तुमच्या नावाने लिहा की! तुमचा रस्ता, तुमचा नगरसेवक, तुमचा अनुभव, खाली तुमची सही. ते आपण करत नाही, कारण त्यात जोखीम आहे. उद्या नगरसेवक दारात येईल. चर्चिल काही येणार नाही, तो १९६५ सालीच गेला. म्हणून त्याच्या तोंडून बोलायचं. आपलीच तक्रार, पण तिला साहेबाची सही असल्याशिवाय आपल्याला ती खरी वाटत नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षं झाली तरी शिफारसपत्र लागतं ते गोऱ्याचंच.

दुसरं असं की ते वाक्य नेत्यांबद्दल आहे असं आपल्याला वाटतं. नाही हो. ते तुमच्या-माझ्याबद्दल आहे. ते सांगतं की हा देश चालवण्याची यांची लायकीच नव्हती. चोराला चोर म्हणणं वेगळं, आणि 'आमच्या घरात चोर आहेत तेव्हा घर शेजाऱ्याच्याच ताब्यात हवं होतं' म्हणणं वेगळं. पहिल्याला टीका म्हणतात. दुसऱ्याला काय म्हणतात ते तुम्हीच ठरवा.

आणि आता माझाही कबुलीजबाब. हेच वाक्य मी स्वतः शाळेच्या झेंडावंदनाच्या भाषणात निदान सात-आठ वर्षं म्हटलेलं आहे. टाळ्या हमखास पडायच्या. कुठल्याशा दिवाळी अंकात की वर्तमानपत्रात वाचलेलं, वहीत उतरवून ठेवलेलं. एका वर्षी कार्यक्रम संपल्यावर आठवीतला एक मुलगा टीचर्स रूमच्या दाराशी आला आणि म्हणाला, "बाई, हे चर्चिल कोणत्या साली म्हणाले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काय म्हणाले असेन? "आधी शुद्धलेखन सुधार, मग साल विचार." तो गेला. टीचर्स रूममध्ये हशा पिकला.

पस्तीस वर्षं मी मुलांना सनावळ्या पाठ करायला लावल्या. एक सन चुकला तर अर्धा गुण कापला. आणि ज्या दिवशी एका पोराने खरोखरच इतिहासाचा प्रश्न विचारला, त्या दिवशी मी त्याला हाकलला. माझ्या नोकरीतल्या चुकांची यादी केली तर ही वरच्या दोन-तीनांत येईल. त्यामुळे भविष्यवाणी पाठवणाऱ्यांवर मी चिडते तेव्हा अर्धी चीड माझ्यावरचीच असते.

तिसरा प्रश्न : "अर्धनग्न फकीर तरी म्हणाला होता का, की तेही खोटं?"

ते खरं. २३ फेब्रुवारी १९३१. गांधीजी व्हाइसरॉय आयर्विनशी वाटाघाटी करायला जात होते, त्याचा याला संताप आला होता. मात्र तेव्हा तो पंतप्रधान नव्हता, साधा खासदार होता, आणि हिंदुस्थानच्या प्रश्नावरूनच स्वतःच्या पक्षाच्या पुढाऱ्यांशी त्याचं फाटलं होतं. (आपली कित्येक भाषणं इथेच चुकतात.) गांधीजींना त्याने मिडल टेंपलचा वकील म्हटलं, तेही चूक. गांधीजी इनर टेंपलचे.

याचं उत्तर गांधीजींनी दिलं, पण तेरा वर्षांनी, आणि तेही आपल्या पाचगणीहून! १७ जुलै १९४४ च्या पत्रात त्यांनी चर्चिलला कळवलं, की फकीर होण्याचा माझा प्रयत्न जुनाच आहे, आणि नग्न फकीर होणं तर त्याहून अवघड, तेव्हा तुमचे शब्द मी स्तुती म्हणूनच घेतो. तुमच्या आणि माझ्या लोकांसाठी, आणि त्यांच्यामार्फत जगाच्या लोकांसाठी माझा उपयोग करून घ्या, असंही लिहिलं. पत्र वाटेतच रखडलं, वेळेवर पोचलं नाही.

त्याच महिन्यातल्या आणखी दोन तारखा सांगते. ५ जुलै १९४४ ला व्हाइसरॉय वेव्हेलने आपल्या रोजनिशीत नोंद केली, की गांधी अजून मेला कसा नाही असं विचारणारी चिडखोर तार चर्चिलने पाठवली आहे, आणि अन्नधान्याबद्दलच्या माझ्या तारेला मात्र त्याने उत्तर दिलेलं नाही. १० जुलै १९४४ ला इटलीत, तिबर नदीच्या खोऱ्यात, आपल्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे जर्मन मशीनगनवर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. चर्चिलच्या युद्धात असे पंचवीस लाख हिंदी सैनिक होते. पाच, दहा आणि सतरा जुलै. या तीन तारखा फळ्यावर एकाखाली एक लिहा. चर्चिल आणि आपण हा धडा मला आता शिकवायचा असता, तर मी तेवढंच केलं असतं.

पुण्याच्या मंडळींसाठी आणखी एक. फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचं एकवीस दिवसांचं उपोषण चालू होतं. चर्चिलने व्हाइसरॉयला तार करून विचारलं, हे पाण्यात ग्लुकोज घेतात म्हणे, जरा खात्री करा. लिनलिथगोने कळवलं, की जवळ असणाऱ्यांना तसं वाटत नाही, आणि मुंबई इलाख्याचा युरोपियन सर्जन-जनरल तर सांगतो की मागच्या उपोषणात गांधी याबाबतीत फार दक्ष होते. तरीही पुढे स्वतःच्या युद्धेतिहासात चर्चिलने ग्लुकोजची गोष्ट खरीच असल्यासारखी लिहिली. म्हणजे आपल्याकडे त्याच्या नावावर जे चालतं, तेच त्यानेही केलं. पुरावा नको, ऐकीव पुरे.

चौथा प्रश्न (हा दुसऱ्या गोटातून) : "बंगालचा दुष्काळ त्यानेच मुद्दाम घडवला ना? लिहा की तसं!"

नाही लिहिणार. जेवढं माहीत आहे तेवढंच लिहिणार, आणि ते पुरेसं भयंकर आहे.

१९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून सरकारने किनारपट्टीच्या भागातल्या होड्या आणि तांदळाचे साठे काढून घेतले. होडीवरच जगणाऱ्या मुलखात! ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळ झालं. युद्धखर्चाने महागाई भडकली, प्रांतांनी एकमेकांना धान्य देणं अडवलं, व्यापाऱ्यांनी साठे केले, आणि साठे करणारे आपलेच होते. १९४३ च्या ऑगस्टमध्ये 'स्टेट्समन'ने कलकत्त्याच्या रस्त्यावरची प्रेतं छापली तेव्हा कुठे जगाला कळलं. चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे पंधरा लाख धरला, नंतरच्या अभ्यासकांनी तीस लाखांच्या आसपास.

यात चर्चिलचा वाटा कोणता? जहाजांचा. मागितलेल्या धान्यापैकी फारच थोडं त्याच्या युद्धमंत्रिमंडळाने मान्य केलं. बैठकीत तो काय बोलायचा ते त्याच्याच भारतमंत्र्याने, लिओ ॲमरीने, लिहून ठेवलं आहे. हा ॲमरी गोरखपूरला जन्मलेला, हॅरो शाळेत चर्चिलबरोबर शिकलेला, त्याच्याच पक्षाचा, साम्राज्याचा पक्का अभिमानी. त्याला खोटं लिहिण्याचं कारण नव्हतं. त्याच्या रोजनिशीत आहे, की सप्टेंबर १९४२ मध्ये चर्चिल म्हणाला मला हिंदी लोकांचा तिरस्कार वाटतो, लोकही पाशवी आणि धर्मही पाशवी. दुष्काळाच्या चर्चेत हे लोक सशांसारखी पोरं काढतात असं बोलणंही त्यात आहे. आणि ऑगस्ट १९४४ मध्ये ॲमरीने लिहिलं, की या बाबतीत चर्चिलची आणि हिटलरची दृष्टी यांत मला फारसा फरक दिसत नाही. हे कोणी लिहिलं? काँग्रेसवाल्याने नाही, चर्चिलच्या मंत्र्याने.

दुसरी बाजूही त्याच कागदांत आहे. वेव्हेलला व्हाइसरॉय नेमला तो याच सरकारने, आणि वेव्हेलने आल्या आल्या लष्कर मदतीला लावलं. एप्रिल १९४४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा गहू आणायला जहाजं द्या असं चर्चिलने रूझवेल्टला लिहिलं, रूझवेल्टने नाही म्हटलं. उशिरा का होईना, लिहिलं. ते गाळून त्याला वेगळाच राक्षस करायचा असेल, तर मग तुमच्यात आणि भविष्यवाणी पाठवणाऱ्यांत फरक काय? एक त्याच्या तोंडी खोटं शहाणपण घालतो, दुसरा खोटं पाप. खरी पापं वाचण्याचे कष्ट दोघांनाही नकोत.

उरलेले प्रश्न भराभर.

फ्लेमिंगच्या वडिलांनी लहानग्या चर्चिलला चिखलातून वाचवलं, म्हणून चर्चिलच्या वडिलांनी फ्लेमिंगला शिकवलं, आणि त्याच्याच पेनिसिलिनने चर्चिल वाचला? कीर्तनात शोभेल अशी गोष्ट आहे, पण खोटी. फ्लेमिंग शिकला तो काकांकडून आलेल्या वारशावर. १९४३ च्या न्यूमोनियात चर्चिलला दिलं ते औषध सल्फाचं, पेनिसिलिन नव्हे. फ्लेमिंगने स्वतःच ही कथा नाकारली.

'कधीही हार मानू नका' एवढंच बोलून तो खाली बसला? नाही. ऑक्टोबर १९४१ मध्ये हॅरोमध्ये त्याने रीतसर पूर्ण भाषण केलं, आणि त्या वाक्यालाही पुस्ती जोडली होती, की सन्मान आणि सारासार विवेक यांच्यापुढे मात्र माना. व्यक्तिमत्त्व विकासवाले ती पुस्तीच खातात.

त्याला शांततेचं नोबेल मिळालं? साहित्याचं, १९५३ साली.

तो आपल्याकडे आला होता? हो. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर उतरताना लोखंडी कडी धरली आणि होडी खाली गेली, त्यात खांदा जो निखळला तो जन्मभर त्रास देत राहिला. पुण्याच्या छावणीत राहिला, गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसात (आजची विद्यापीठाची मुख्य इमारत) गव्हर्नर सँडहर्स्टकडे जेवला आणि मग बंगलोरला गेला. आठ महिन्यांनी त्याच बंगल्यावरून निघालेल्या रँडवर त्याच रस्त्याला चापेकरांनी गोळी झाडली. एकवीस वर्षांच्या त्या लेफ्टनंटला त्या जेवणाच्या टेबलावरून बाहेरचं काहीच दिसलं नव्हतं. माझ्या मते पुढेही फारसं दिसलं नाही.

शेवटचा प्रश्न : "मग तो मोठा माणूस होता की नाही, एका वाक्यात सांगा."

एका वाक्यात सांगता आलं असतं तर एवढं लिहिलं असतं का? मे १९४० मध्ये फ्रान्स कोसळत होता, लंडनच्या मंत्रिमंडळात तडजोडीचा विचार चालू होता, आणि हा पासष्ट वर्षांचा माणूस नाही म्हणून ठाम उभा राहिला. तो नसता तर हिटलरशी तह झाला असता, असं मानायला जागा आहे. त्या उन्हाळ्यातली त्याची भाषणं मी आजही मानते. रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम याखेरीज देण्यासारखं माझ्याकडे काही नाही, असं स्वतःच्या जनतेला सांगायला छाती लागते. आणि याच माणसाने बंगालला जहाजं द्यायला हात आखडला. दोन्ही खरं. यातलं एक खोटं ठरवल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, त्याने इतिहासाच्या वाटेला जाऊ नये.

असो. फार लांबलं. नणंदबाईंचा निरोप आला आहे, की तुम्ही प्रत्येक गोष्टीचा कीस काढता. काढते. येत्या पंधरा ऑगस्टला पुन्हा चर्चिल पाठवा, मीही पुन्हा तेच विचारीन. आणि त्या वेळचा तो आठवीतला मुलगा, आता चांगला बाप्या झाला असेल, हे वाचत असेल तर त्याच्यासाठी : बाळा, साल नव्हतंच. तुझा प्रश्न बरोबर होता. शुद्धलेखनाचं मी उगाच काढलं.